मुक्त ज्ञानकोशातील विनोद: कुठे लिहावा, कसा ओळखावा आणि केव्हा काढावा

विकिपीडियासारखा ज्ञानकोश एकमेकांना कधीही न भेटलेली हजारो माणसे मिळून लिहितात, आणि इतकी माणसे एका कामाला लागली की त्यांच्यात थट्टामस्करी होणे स्वाभाविक आहे. विकिपीडियाच्या पानांआड विनोदाची एक मोठी परंपरा २००१ पासून वाढत आली आहे, आणि ती संपादकांना टिकवून धरणारी आहे, असे माझे मत आहे. मात्र याच परंपरेच्या नावाखाली लेखांमध्ये खोटी माहिती घुसडली गेली आहे, जिवंत माणसांची बदनामी झाली आहे आणि पुढे वृत्तपत्रे व पुस्तकेही फसली आहेत. मराठी विकिपीडियावर किंवा अन्य कोणत्याही सामूहिक कोशावर लिहिणाऱ्याला विनोदाचा प्रश्न कधी ना कधी पडतोच. तो टप्प्याटप्प्याने कसा सोडवावा, हे पुढे सांगितले आहे.

छापील कोशांनाही विनोदाचे वावडे नव्हते. १९७५ च्या ‘न्यू कोलंबिया एन्सायक्लोपीडिया’मध्ये लिलियन व्हर्जिनिया माउंटवीझेल या छायाचित्रकर्तीची रीतसर नोंद होती, ती ओहायो राज्यातील बँग्स गावी जन्मली आणि एका नियतकालिकासाठी काम करीत असताना स्फोटात मरण पावली, असे त्या नोंदीत म्हटले होते, पण अशी कोणी स्त्री कधी नव्हतीच. जर्मनीतील ‘प्शिरेम्बेल’ या वैद्यकीय कोशाने १९८३ मध्ये दगड खाणाऱ्या एका कल्पित उवेची नोंद घेतली, पुढच्या एका आवृत्तीतून ती वगळली आणि वाचकांनी निषेध केल्यावर १९९७ मध्ये परत आणली. हे विनोद कोशाच्या संपादक मंडळाने जाणूनबुजून केले होते, त्यांची संख्या अगदी थोडी होती आणि त्यांची जबाबदारी घेणारे कोणीतरी होते. सामूहिक कोशात असे मंडळ नसते. प्रत्येक लेखकाने ‘माझी एक गंमत’ म्हणून एक खोटी ओळ घातली, तर कोणती ओळ खरी हे सांगणारा कोणीच उरत नाही. म्हणून येथे पहिला आणि शेवटचा निकष एकच आहे: वाचक फसता कामा नये.

पहिली पायरी: आपण कोणत्या पानावर आहोत, ते पाहणे

विकिपीडियाची पाने वेगवेगळ्या नामविश्वांत, म्हणजे नावाच्या सुरुवातीच्या उपसर्गावरून ओळखू येणाऱ्या गटांत, विभागलेली असतात आणि विनोदाला किती मोकळीक आहे, हे त्या नामविश्वावर ठरते. ज्या पानाच्या नावामागे कोणताही उपसर्ग नाही, ते लेखाचे पान होय. वाचक शोधयंत्रातून थेट तेथे येतो आणि जे लिहिले आहे ते खरे मानून जातो. तेथे संपादकाच्या स्वतःच्या विनोदाला जागा नाही. हाच नियम लेखाला जोडलेल्या सगळ्या गोष्टींना लागू होतो आणि नवे संपादक नेमके तेथे चुकतात. माहितीचौकट (लेखाच्या कडेचा ठळक तपशिलांचा तक्ता), चित्राखालची ओळ, वर्गाचे नाव, पुनर्निर्देशन (एका नावावरून दुसऱ्या पानावर नेणारी सोय) आणि अनेक लेखांत एकाच वेळी दिसणारा साचा हे सर्व लेखाचेच भाग आहेत. एखाद्या साच्यात केलेली थट्टा तर शेकडो लेखांत एकाच क्षणी उमटते.

‘चर्चा:’ आणि ‘सदस्य चर्चा:’ या पानांवर हलकाफुलका सूर चालतो, पण कामाचा मुद्दा पुढे नेणारा असेल तरच. ‘विकिपीडिया:’ या उपसर्गाची प्रकल्पपाने, म्हणजे चावडी (सर्वांच्या चर्चेचे पान), कौल (मते नोंदवण्याचे पान), मार्गदर्शक निबंध वगैरे, समाजाच्या अंतर्गत कामकाजासाठी असतात, आणि उघडपणे विनोदी म्हणून लिहिलेल्या पानांना तेथे जागा मिळू शकते. ‘सदस्य:’ पान हे संपादकाचे अंगण आहे. तेथे सर्वांत जास्त मोकळीक असते. काहीतरी करून पाहायचे असेल तर धूळपाटी, म्हणजे सरावाचे पान, आहेच. मजकूर लिहिण्यापूर्वी पानाच्या शीर्षकावर नजर टाकण्याची सवय लावून घ्यावी. निम्मे प्रश्न तेथेच सुटतात.

दुसरी पायरी: विषयच गमतीदार असेल तर तो सरळ चेहऱ्याने लिहिणे

कोशातला खरा विनोद येथे आहे, म्हणून या पायरीवर थोडे थांबू.

जगात अशा असंख्य घटना घडल्या आहेत की त्यांचे साधे वर्णनही हसू आणते. इंग्रजी विकिपीडियाचे संपादक अशा चमत्कारिक विषयांवरील लेखांची एक मोठी यादी वर्षानुवर्षे सांभाळत आले आहेत, आणि त्या यादीतला प्रत्येक लेख खरा व संदर्भांसह लिहिलेला असावा लागतो. त्यांतला प्रसिद्ध विषय म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियात १९३२ साली झालेली इमू पक्ष्यांविरुद्धची लष्करी मोहीम. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना तेथे शेतीसाठी जमिनी दिलेल्या होत्या. कॅम्पियन परिसरात सुमारे २०,००० इमू गव्हाच्या शेतांत शिरले. शेतकऱ्यांनी सरकारकडे मशिनगन मागितल्या आणि सरकारने त्या दिल्या.

या विषयावर मराठीत लेख लिहिणाऱ्याच्या हातून पहिल्या मसुद्यात असे वाक्य येण्याची शक्यता असते: ‘ऑस्ट्रेलियाच्या बलाढ्य सैन्याला बिचाऱ्या पक्ष्यांनी असा काही हिसका दाखवला की सैन्याला पळता भुई थोडी झाली!’ यात ‘बलाढ्य’ आणि ‘बिचाऱ्या’ ही लेखकाची मते आहेत, ‘पळता भुई थोडी’ ही अतिशयोक्ती आहे आणि उद्गारचिन्ह वाचकाला ‘आता हसा’ असे सांगते. माहिती मात्र वाक्यात जवळजवळ नाहीच. आता हेच असे लिहून पाहावे: ‘मेजर मेरेडिथ यांच्या नेतृत्वाखाली दोन लुईस मशिनगन आणि १०,००० गोळ्या घेऊन नोव्हेंबर १९३२ मध्ये मोहीम सुरू झाली. पक्षी लहान लहान गटांत विखुरल्याने नेम धरणे अवघड झाले आणि काही दिवसांतच तुकडी माघारी बोलावण्यात आली. नोव्हेंबरच्या मध्यास मोहीम पुन्हा सुरू करण्यात आली. डिसेंबरमध्ये ती संपल्यावर मेरेडिथ यांनी अहवालात ९,८६० गोळ्यांत ९८६ पक्षी मारल्याचा दावा केला.’ या दुसऱ्या रूपात एकही विनोदी शब्द नाही. तरीही एका पक्ष्यामागे बरोबर दहा गोळ्या पडल्याचा हिशेब वाचक मनातल्या मनात करतो आणि त्याला आपोआप हसू येते. शिवाय ‘दावा केला’ या क्रियापदामुळे तो आकडा कोणाचा, हेही स्पष्ट राहते.

यातून कामाची रीत अशी निघते. मसुदा झाल्यावर विशेषणे आणि क्रियाविशेषणे एकेक करून तपासावीत आणि जी काढल्याने माहिती कमी होत नाही ती काढून टाकावीत. उद्गारचिन्हे सगळी काढावीत. ‘गंमत म्हणजे’, ‘आश्चर्याची गोष्ट अशी की’, ‘विशेष म्हणजे’ ही वाक्यारंभाची वळणे मराठीत फार सहज येतात. ती वाचकाच्या प्रतिक्रियेची जागा बळकावतात, म्हणून वगळावीत. त्यांच्या जागी अंक, तारीख, अंतर, वजन असा नेमका तपशील भरावा. ओरेगॉन राज्यातील फ्लोरेन्स येथे १२ नोव्हेंबर १९७० रोजी किनाऱ्यावर आलेला मृत देवमासा अर्धा टन डायनामाइटने उडवण्यात आला आणि त्याच्या मांसाच्या तुकड्याखाली दूर उभी केलेली एक मोटार चेपली गेली, एवढे सांगितले की पुरते. प्रत्येक अविश्वसनीय वाटणाऱ्या विधानाला तेथल्या तेथे संदर्भ जोडावा, कारण विषय जितका विचित्र, तितका वाचकाला तो बनावट वाटण्याचा संभव जास्त.

माहितीचौकटीचा मोह वेगळा सांगायला हवा. इमूंच्या मोहिमेला युद्धाची चौकट लावून एका बाजूला सेनापती म्हणून मेजरचे नाव, दुसऱ्या बाजूला इमू आणि निकालाच्या रकान्यात ‘इमूंचा विजय’ असे भरावेसे वाटते. चौकटीतला मजकूर विकिडेटासारख्या माहितीसंचाच्या प्रकल्पांत आणि शोधयंत्रांच्या उत्तरांत संदर्भाविना, सुटा पोहोचतो. लेखाच्या मजकुरात समजून घेता येणारी गंमत तेथे नुसते चुकीचे विधान बनते, म्हणून चौकटीत ती ठेवू नये.

मराठीतला जवळचा विषय घ्यायचा तर पुणेरी पाट्यांचा घेता येईल. या विषयावर लेख लिहिताना पहिली अडचण अशी येते की समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या बहुतेक पाट्या कोणीतरी घरबसल्या रचलेल्या असतात. ज्या पाटीचे छायाचित्र, स्थळ आणि प्रसिद्धीचा विश्वसनीय आधार उपलब्ध आहे, तीच उदाहरण म्हणून घ्यावी. उदाहरणे दोन-तीन पुरतात. उरलेला लेख पाट्यांची परंपरा, त्यांवरील अभ्यासकांचे व पत्रकारांचे लेखन आणि शहराच्या प्रतिमेशी असलेले त्यांचे नाते यांवर असावा. पाट्यांचा नुसता संग्रह केला की तो लेख राहत नाही, चुटक्यांचे पान होते.

तिसरी पायरी: विनोदी लेखक आणि त्यांचे उतारे

विनोदी लेखकाच्या चरित्रलेखात त्याच्याच शैलीत लिहिण्याची ओढ लागते, विशेषतः तो लेखक आपल्याला लहानपणापासून पाठ असेल तर. ती आवरावी. लेखकाचा विनोद कशा प्रकारचा आहे, हे समीक्षकांच्या हवाल्याने सांगावे आणि एखादे छोटे अवतरण द्यावे.

अवतरण देताना दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, ते त्या लेखकाचेच आहे का. पु. ल. देशपांडे आणि आचार्य अत्रे यांच्या नावावर मोबाइलवर फिरणारे कितीतरी चुटके त्यांच्या कोणत्याही छापील लेखनात सापडत नाहीत. ग्रंथाचे नाव, आवृत्ती आणि पृष्ठ क्रमांक देता येत नसेल तर ते वाक्य लेखात घेऊ नये, मग ते कितीही त्यांच्यासारखे वाटो. दुसरी गोष्ट प्रताधिकाराची. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १९३४ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांचे लेखन मुक्त आहे, चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे लेखन २०२४ च्या प्रारंभापासून मुक्त झाले. पु. लं.चे निधन २००० साली झाले असल्याने त्यांच्या लेखनावरचा प्रताधिकार २०६० च्या अखेरपर्यंत आहे. मुक्त झालेले लेखन मराठी विकिस्रोत या ग्रंथांच्या प्रकल्पावर संपूर्ण चढवता येते आणि निवडक वाक्ये विकिक्वोट या अवतरणांच्या प्रकल्पावर शोभतात. प्रताधिकार असलेल्या लेखनातून मात्र एखाद-दुसरे वाक्यच घ्यावे, आणि तेही मुद्द्यासाठी आवश्यक असेल तरच.

चौथी पायरी: उघडपणे विनोदी पान लिहिणे

संपादकांच्या समाजासाठी विनोदी पान लिहायचे असेल तर इंग्रजी विकिपीडियावरची टिकून राहिलेली पाने अभ्यासावीत. एका निबंधाचे शीर्षक ‘स्पायडरमॅनचा वेष घालून राइशस्टागवर चढू नका’ अशा अर्थाचे आहे (राइशस्टाग म्हणजे बर्लिनमधील जर्मन संसदेची इमारत). वादात आपले म्हणणे मान्य होत नाही म्हणून लोकांचे लक्ष वेधणारा तमाशा करू नये, हा त्याचा आशय. दुसरा निबंध नाकात शेंगेचे दाणे कोंबू नकोस असे मुलाला बजावणाऱ्या आईचा आहे: जे मुलाच्या मनातही नव्हते ते आईनेच सुचवले. उत्पात कसा करता येतो याच्या पद्धती मनाईच्या निमित्ताने जाहीर करू नयेत, हे त्यातून सांगितले जाते. सर्वांत क्षुल्लक संपादन-युद्धांची, म्हणजे एकमेकांचे बदल पुन्हा पुन्हा उलटवण्याच्या भांडणांची, एक यादीही आहे. दह्याच्या इंग्रजी नावातले एक अक्षर ठेवावे की गाळावे, यावर कित्येक वर्षे चाललेला आणि २०११ मध्ये मिटलेला वाद तिच्यात आहे. एका चित्रपटाच्या शीर्षकातले एक अक्षर मोठ्या लिपीत असावे की लहान, यावर झालेली ४०,००० हून अधिक शब्दांची चर्चाही तिच्यात नोंदलेली आहे.

या सर्व पानांत एक समान गुण आहे: प्रत्येकाच्या पोटात कामाचा खरा सल्ला आहे. म्हणून आपले पान लिहिताना प्रथम तो सल्ला एका सरळ वाक्यात लिहून काढावा, आणि तसे वाक्य सुचत नसेल तर पान सदस्यपानावरच राहू द्यावे. मराठी विकिपीडियावर ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि परदेशी नावांचे लेखन यांवर जे दीर्घ वाद होतात, त्यांच्यावर असे एखादे प्रेमळ पान छान होईल. त्यात वादाचा विषय घ्यावा, वाद घालणाऱ्यांची नावे घेऊ नयेत.

पान तयार करताना पुढील काळजी घ्यावी. ते ‘विकिपीडिया:’ किंवा ‘सदस्य:’ नामविश्वात सुरू करावे. अगदी वरच्या ओळीत ‘हे पान विनोदी आहे, यातील मजकूर धोरण नाही’ असे ठळकपणे लिहावे, कारण नवा संपादक थट्टेतला नियम खरा समजून वागू शकतो. लेखांचे वर्ग त्याला जोडू नयेत. शोधयंत्रांना पान वगळण्यास सांगणारा ‘नोइंडेक्स’ हा संकेत घालावा. लेखांतून त्या पानाकडे दुवा देऊ नये. आणि जिवंत व्यक्तींचा, मग ती राजकारणी असो वा सहसंपादक, उल्लेख टाळावा.

दुसऱ्यांनी लिहिलेला गमतीदार मजकूर जमवायचा असेल तर श्रेयाची नोंद आवश्यक आहे. इंग्रजी विकिपीडियावर वगळलेल्या वाईट विनोदांचा एक संग्रह अगदी सुरुवातीच्या काळापासून होता आणि तो फार लोकप्रिय होता. पण मूळ लेखकांची नावे व इतिहास न जपता मजकूर उचलणे मुक्त परवान्याला धरून नाही, या कारणाने २००७ मध्ये त्यातला मोठा भाग काढून टाकण्यात आला. थट्टेत लिहिलेल्या ओळीलाही लेखक असतो आणि परवाना तिलाही लागू होतो.

पाचवी पायरी: चर्चेतली थट्टा

चावडीवर आणि चर्चापानांवर एखादे मिश्किल वाक्य तापलेली चर्चा थंड करू शकते. तेथे आवाज आणि चेहरा मात्र दिसत नाही. मराठी संपादक विदर्भात, गोव्यात, बेळगावात, आखाती देशांत आणि अमेरिकेत बसून लिहीत असतात. एकाच्या गावातली नेहमीची चेष्टा दुसऱ्याला अपमान वाटते. कोणाच्या वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी वळणाच्या लेखनाची नक्कल करणे हा विनोद समजू नये, कारण प्रमाणभाषेच्या धाकाने आधीच बिचकणारा माणूस त्यामुळे कायमचा निघून जातो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या भागाची माहितीही जाते.

अनुभवी संपादकाने अनुभवी संपादकाची थट्टा करावी. नवागताची करू नये. इंग्रजी विकिपीडियावर ढोबळ चूक करणाऱ्या जाणत्या संपादकाच्या चर्चापानावर ओल्या ट्राउट माशाचा फटका मारल्याचे चित्र ठेवण्याची रीत आहे. ती चालते, कारण तो फटका बरोबरीच्या नात्यातला असतो आणि चूक गंभीर नसल्याचेच त्यातून सांगितले जाते. बदलांच्या आढाव्यात, म्हणजे बदल जतन करताना त्याविषयी लिहायच्या ओळीत, थट्टा लिहू नये; ती ओळ पानाच्या इतिहासात कायम राहते आणि दहा वर्षांनी वाचणाऱ्याला तिचा संदर्भ कळत नाही.

सहावी पायरी: लेखात घुसलेला विनोद शोधणे आणि काढणे

अलीकडील बदल पाहताना बहुतेक थट्टा लगेच दिसते: शाळेच्या लेखात वर्गमित्राचे नाव, गावाच्या लेखात सरपंचाला दिलेली पदवी. असे बदल ‘उलटवा’ या दुव्याने मागे घ्यावेत. पण त्याआधी ‘इतिहास पहा’ उघडून त्याच सदस्याने त्याच्या आधीही काही बदल केले आहेत का, ते पाहावे, कारण शेवटचा एकच बदल उलटवला तर आधीचे तसेच राहतात. मग सदस्याचे योगदान पाहून त्याने इतर लेखांत काय केले आहे तेही तपासावे. आढाव्यात ‘संदर्भहीन मजकूर काढला’ एवढेच तटस्थपणे लिहावे. त्या सदस्याच्या चर्चापानावर राग न करता निरोप ठेवावा, जसे की: ‘नमस्कार. आपण अमुक लेखात केलेला बदल माहितीपर नसल्याने मागे घेतला आहे. संपादन करून पाहायचे असल्यास धूळपाटीचा वापर करावा. या लेखात खरी भर घालायची असल्यास मी मदत करीन.’ आजचा खोडकर विद्यार्थी उद्याचा चांगला संपादक होऊ शकतो; सद्हेतू गृहीत धरण्याचे तत्त्व अशाच ठिकाणी उपयोगी पडते. तोच प्रकार पुन्हा पुन्हा घडला तर मात्र प्रचालकांना, म्हणजे जादा अधिकार असलेल्या संपादकांना, कळवावे.

खरी अडचण गंभीर चेहऱ्याच्या थट्टेची आहे. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याच्या लेखात त्याला ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’ असेही म्हणतात, अशी ओळ गमतीने घातली. कोआटी हा रॅकूनच्या कुळातला, आणि मुंग्या-वाळवी खाणारा आर्डव्हार्क हा प्राणी आफ्रिकेबाहेर आढळत नाही. ती ओळ लेखात राहिली, ब्रिटिश वृत्तपत्रांनी ते नाव वापरले, एका विद्यापीठीय प्रकाशनाच्या पुस्तकातही ते आले, आणि पुढे त्याच वृत्तपत्रांचा संदर्भ देऊन ती ओळ विकिपीडियावर पक्की करण्यात आली. मूळ खोडी २०१४ मध्ये उजेडात आली. यातून संपादकाने घ्यायचा धडा असा की संदर्भ आहे एवढ्याने समाधान मानू नये. संदर्भाची तारीख आणि तो मजकूर लेखात प्रथम आल्याची तारीख यांची तुलना करावी. संदर्भ नंतरचा असेल तर त्याहून जुना, स्वतंत्र आधार शोधावा, आणि तो न मिळाल्यास मजकूर काढून चर्चापानावर कारण नोंदवावे.

गोवा आणि मराठ्यांच्या इतिहासाशी संबंधित एक उदाहरण तर प्रत्येक मराठी संपादकाने लक्षात ठेवावे असे आहे. इंग्रजी विकिपीडियावर जुलै २००७ मध्ये ‘डिचोली संघर्ष’ या विषयावर एक लेख तयार झाला. १६४० ते १६४१ या काळात पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोली परिसरात युद्ध झाले, असे त्यात सुमारे साडेचार हजार शब्दांत, संदर्भग्रंथांसह सांगितले होते. लेखाला ‘चांगला लेख’ हा दर्जाही मिळाला. पाच वर्षांहून अधिक काळ तो तसाच राहिला, आणि डिसेंबर २०१२ मध्ये एका संपादकाने संदर्भग्रंथ शोधून पाहिले तेव्हा ते ग्रंथच अस्तित्वात नसल्याचे दिसले. युद्धही कल्पित होते. हा खोडसाळपणा विनोद म्हणून केला होता की अन्य हेतूने, याने वाचकाच्या दृष्टीने काही फरक पडत नाही. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते आणि डिचोलीवर आदिलशाहीचा अंमल होता. चौथीच्या इतिहासाचे पुस्तक वाचलेल्या मराठी मुलालाही ‘मराठा साम्राज्य’ हा शब्द तेथे खटकला असता. लेख इंग्रजीत होता आणि तो वाचणाऱ्यांमध्ये विषयाचे जाणकार नव्हते, म्हणून तो टिकला. आपल्या प्रदेशाविषयीचे लेख इतर भाषांच्या विकिपीडियांवर काय सांगतात, हे पाहणे म्हणूनच मराठी संपादकांचेही काम आहे, आणि इंग्रजी लेखाचे मराठीत भाषांतर करण्यापूर्वी त्याचे संदर्भ उघडून पाहणे त्याहून जास्त.

संदर्भ तपासण्याची रीत सोपी आहे. ग्रंथाचे नाव आणि लेखक ग्रंथालयाच्या सूचीत शोधावे; ग्रंथ असेल तर प्रकाशनवर्ष जुळते का ते पाहावे; शक्य झाल्यास ते पान उघडून तेथे ते विधान खरोखर आहे का याची खात्री करावी. लेखातील व्यक्तींची नावे, तह आणि ठिकाणे अन्य स्वतंत्र ग्रंथांत येतात का हे पाहावे. मोठ्या घटनेचा उल्लेख फक्त एका लेखात असणे ही संशयाची जागा आहे. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या देवाची म्हणून घातलेली ‘जारएडो वेन्स’ ही बनावट नोंद २००५ पासून २०१५ पर्यंत टिकली, कारण लेख छोटा होता आणि कोणाच्याही निरीक्षणसूचीत (नजर ठेवण्यासाठी निवडलेल्या पानांच्या यादीत) नव्हता. छोटे, एकाकी लेख म्हणून अधूनमधून मुद्दाम वाचून काढावेत. संशय असूनही खात्री होत नसेल तर ‘संदर्भ हवा’ हा साचा लावावा.

जिवंत व्यक्तीच्या लेखातील थट्टेला मात्र साचा लावून वाट पाहू नये. ती दिसताक्षणी काढावी. अमेरिकन पत्रकार जॉन सिगेनथालर यांच्या लेखात मे २००५ मध्ये एका अनामिक व्यक्तीने त्यांचा राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी व त्यांचे बंधू रॉबर्ट यांच्या हत्यांशी संबंध असल्याचा संशय होता, असे लिहिले. सहकाऱ्याला चकित करण्यासाठी केलेली ती गंमत होती, असे लिहिणाऱ्याने नंतर सांगितले. सिगेनथालर हे रॉबर्ट केनेडींचे निकटचे सहकारी होते, त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांपैकी होते, आणि ही गंमत चार महिने जगभर वाचली जात होती. त्यांनी त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये वृत्तपत्रात लेख लिहिल्यावर इंग्रजी विकिपीडियाने नोंदणी न केलेल्यांची नवे लेख सुरू करण्याची मुभा काढून घेतली आणि पुढे जिवंत व्यक्तींविषयीचे कडक धोरण आकाराला आले. भारतात अशा मजकुरासाठी लिहिणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा खटलाही होऊ शकतो. बदनामीकारक मजकूर नुसता उलटवला तरी तो इतिहासात वाचता येतो, म्हणून प्रचालकांना ती आवृत्ती लपवण्याची विनंती करावी.

सातवी पायरी: १ एप्रिल

या दिवशी काय करावे, याचा उत्तम नमुना इंग्रजी विकिपीडियाच्या मुखपृष्ठाने घालून दिला आहे. १ एप्रिल २००७ रोजी तेथे त्या दिवसासाठी निवडलेला खास लेख ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या तत्काळ कॉफीच्या एका आद्य संशोधकावर होता. बेल्जियममध्ये १८७१ साली जन्मलेल्या या गृहस्थाची कॉफी पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांपर्यंत पोहोचली होती. वाचकाला आधी राष्ट्राध्यक्ष आठवत, मग कोडे उलगडे, आणि परिचयातले प्रत्येक वाक्य खरे निघे. २००९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वाईट कलेच्या संग्रहालयावरचा लेख त्या जागी होता. तोही खरा आणि उत्तम संदर्भ असलेला.

मराठीत हे करायचे तर महिना-दीड महिना आधी चावडीवर प्रस्ताव ठेवावा, ‘आपणास माहीत आहे का’ या धर्तीची दोन-चार वाक्ये खऱ्या पण अनपेक्षित माहितीवर रचावीत आणि प्रत्येकाचा संदर्भ दुसऱ्या संपादकाकडून तपासून घ्यावा. लेखांत, साच्यांत आणि मुखपृष्ठाच्या बातम्यांत त्या दिवशीही खोटी माहिती घालू नये. वगळण्याच्या किंवा प्रचालकपदाच्या खोट्या विनंत्या टाकायच्याच असतील तर त्या सदस्यपानाच्या उपपानावर, विनोदी असल्याच्या ठळक सूचनेसह टाकाव्यात आणि २ एप्रिलला आवरून ठेवाव्यात. खऱ्या विनंत्यांच्या रांगेत त्या मिसळल्या तर काम करणाऱ्यांचा वेळ जातो.

आठवी पायरी: मनसोक्त विडंबन करायचे असेल तर

ज्याला कोशाच्या शैलीचेच विडंबन करायचे आहे, त्याच्यासाठी वेगळे प्रकल्प आहेत. जानेवारी २००५ मध्ये सुरू झालेला ‘अनसायक्लोपीडिया’ विकिपीडियाचे रूप घेऊन निखालस काल्पनिक मजकूर देतो. त्याचे बोधचिन्ह विकिपीडियाच्या कोड्याच्या गोलाऐवजी कोड्याचा बटाटा आहे. जर्मनमध्ये २००४ पासून ‘कामेलोपेडिया’ आहे. तेथे येणारा वाचक विडंबन वाचायलाच येतो, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्न उद्भवत नाही. तेथेही नुसता वेडगळपणा चालत नाही: केवळ मूर्खपणा न करता विनोदी कसे लिहावे, यावर अनसायक्लोपीडियाचा स्वतःचा सविस्तर मार्गदर्शक आहे, आणि विडंबन सत्याच्या जितके जवळ तितके ते चांगले, असे त्याचे सांगणे आहे. मराठीत कोणाला असा प्रकल्प उभारायचा असेल तर त्याने तो विकिपीडियापासून पूर्णपणे वेगळ्या संकेतस्थळावर, वेगळ्या नावाने आणि वेगळ्या बोधचिन्हाने उभारावा. परवान्याकडेही आधीच पाहावे: विकिपीडियाचा मजकूर श्रेय देऊन आणि त्याच परवान्याखाली विडंबनासाठी घेता येतो, पण अनसायक्लोपीडियाचा परवाना व्यापारी वापराला मनाई करतो, त्यामुळे तेथील ओळी, त्या कितीही चांगल्या असल्या, विकिपीडियाच्या कोणत्याही पानावर, सदस्यपानावरसुद्धा, आणता येत नाहीत.